सरपंच-सदस्यांसाठीचा पुण्यातील निवासी वर्ग : अभ्यासक्रम उत्तम, निवड अपुरी

ग्रामपंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी पुण्यात नेतृत्व विकासाचे अनेक निवासी वर्ग चालतात. त्यांपैकी एका स्वयंसेवी संस्थेचा पाच दिवसांचा वर्ग भोर तालुक्यातील एका लहान गट ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून मी अलीकडेच पूर्ण केला. ज्यांना असा वर्ग करावयाचा आहे किंवा आपल्या गावातून कोणाला पाठवावयाचे आहे, त्यांना निर्णय घेणे सोपे जावे म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. पंचायतीचे हिशेब आणि ग्रामसभा या दोन विषयांत हा वर्ग इतका चांगला आहे की केवळ तेवढ्यासाठीही जावे. मात्र प्रत्येक गावातून एकाच व्यक्तीला प्रवेश देण्याचा संस्थेचा नियम मुळातच चुकीचा असून, तो बदलला नाही तर शिकविलेल्यातले फार थोडे गावापर्यंत पोहोचते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. संस्थेचे नाव मी येथे दिलेले नाही, कारण ज्या उणिवा पुढे मांडल्या आहेत त्या अशा बहुतेक वर्गांत कमी-अधिक प्रमाणात आढळतात आणि एकाच संस्थेकडे बोट दाखविणे योग्य होणार नाही. यशदा या राज्य शासनाच्या प्रशिक्षण संस्थेमार्फत होणारे शासकीय प्रशिक्षण हा वेगळा विषय असून त्याचा या लेखाशी संबंध नाही.

सोयींबद्दल थोडक्यात सांगते. वर्ग शहराच्या पश्चिम भागात भरतो. भोर, पुरंदर, वेल्हे या बाजूंनी येणाऱ्यांना स्वारगेटला उतरून पीएमपीची बस मिळते. जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या एसटी वाकडेवाडीला थांबतात, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी शिवाजीनगरचे जुने स्थानक डोळ्यांसमोर ठेवून निघू नये. खोल्या स्वच्छ आहेत, जेवण साधे आणि वेळेवर मिळते, शुल्क माफक असून राहणे व जेवण त्यातच येते. लहान मुले सोबत आणणाऱ्या महिलांसाठी दिवसभर मुलांना सांभाळणाऱ्या दोन ताई नेमलेल्या होत्या, आणि ही एक सोय नसती तर आमच्यापैकी कित्येक जणी आल्याच नसत्या, म्हणून तिचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते.

आणखी एक नियम संस्था कटाक्षाने पाळते. महिला प्रतिनिधीसोबत आलेल्या पतीला, दिराला किंवा सासऱ्यांना सभागृहात बसू दिले जात नाही. पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलापाशी यावरून थोडी बोलाचाली झाली. ‘कारभार मीच बघतो, तर मलाच बसू द्या,’ असे एका सरपंचताईंच्या यजमानांनी मोठ्या आवाजात सांगितले. नोंदणी करणाऱ्या ताईंनी शांतपणे उत्तर दिले, ‘म्हणूनच तर त्यांना आत बसू द्या, भाऊ.’ यजमान दुपारच्या गाडीने परत गेले. त्या सरपंचताई दुसऱ्या दिवसापासून पहिल्या रांगेत बसू लागल्या आणि शेवटच्या दिवशी अंदाजपत्रकाच्या गटकार्यात आकडे त्यांनीच मांडले. हा नियम कठोर वाटला तरी तो तसाच ठेवावा, अशी माझी संस्थेला आग्रहाची विनंती आहे.

अशा प्रशिक्षणाची गरज का आहे, हे गावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली, तिने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय त्यांच्यासाठी नमूद केले. महाराष्ट्रात महिलांचे आरक्षण २०११ मध्ये निम्म्यावर गेले. लोकसंख्या १५०० पर्यंत असलेल्या गावात सात सदस्य असतात, म्हणजे त्यांत किमान चार महिला येतात. सरपंचपदाचे आरक्षण दर पाच वर्षांनी सोडतीने फिरते, त्यामुळे जी व्यक्ती आज त्या खुर्चीवर आहे ती पुढच्या वेळी तेथे असण्याची शक्यता कमीच. त्यात सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. या साऱ्याचा परिणाम असा की राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी बहुतेकींत दर पाच वर्षांनी नवीन माणसे येतात, त्यांना कामकाज समजेपर्यंत दोन वर्षे निघून जातात आणि तोवर कारभार ग्रामसेवक आणि गावातले जुने जाणते यांच्याच हातात राहतो. नवीन माणसाला ही दोन वर्षे वाया घालवावी लागू नयेत, हे या वर्गाचे खरे उद्दिष्ट आहे आणि त्याच कसोटीवर मी तो तपासला आहे.

हिशेबाचे सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाले आणि पूर्ण दिवस चालले. प्रशिक्षकांनी फळ्यावर फारसे काही लिहिले नाही. त्यांनी प्रत्येक गटाला एका काल्पनिक ग्रामपंचायतीच्या भरलेल्या नमुन्यांच्या प्रती दिल्या : नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकड वही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी आणि नमुना ९ म्हणजे कराची मागणी. या प्रतींत काही विसंगती मुद्दाम ठेवलेल्या होत्या आणि त्या आम्हाला शोधून काढावयाच्या होत्या. पहिला अर्धा तास आमच्या गटात कोणीच बोलले नाही. नंतर मावळातल्या एका ताईंच्या लक्षात आले की नमुना ९ मध्ये घरपट्टीची जेवढी मागणी दाखविली आहे ती नमुना ८ मधल्या आकारणीशी जुळतच नाही, कारण गावातल्या एका मोठ्या गोदामाची आकारणी झाली आहे, पण मागणीच्या यादीत त्याचे नाव नाही. त्यानंतर गटाला थांबविणे कठीण झाले.

याच सत्रात स्वनिधीच्या राखीव खर्चाचे गणित मांडले गेले. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. हे टक्के आम्हा बहुतेकांना ऐकून ठाऊक होते. पण घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आणि गाळ्यांचे भाडे मिळून चार लाख रुपये उत्पन्न असेल, तर महिला व बालकल्याणाचे ४० हजार, मागासवर्गीयांचे ६० हजार आणि दिव्यांगांचे २० हजार होतात, आणि ही रक्कम रोकड वहीत नेमक्या कोणत्या खर्चाखाली शोधावयाची, हे कागद हातात घेऊन पहिल्यांदाच कोणी दाखविले. पुष्कळ ठिकाणी महिला व बालकल्याणाचा निधी वर्षाच्या शेवटी घाईघाईने साहित्य खरेदी करून संपविला जातो. त्या साहित्याची मागणी कोणी केली होती, हे महिला सभेच्या इतिवृत्तात पाहावे, असे प्रशिक्षकांनी सांगितले तेव्हा सभागृहात अनेकींनी वहीत मोठ्या अक्षरांत तेच लिहून घेतलेले मी पाहिले.

वित्त आयोगाच्या निधीवरचा भागही उत्तम होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी राज्यात ८० टक्के रक्कम ग्रामपंचायतींकडे आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे गेली. २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे अर्धा स्वच्छतेसाठी व अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, आणि उरलेला ४० टक्के अबंधित होता. सिमेंटच्या रस्त्यावर सगळा पैसा खर्च करण्याचा मोह का आवरावा लागतो, हे यातून आपोआप कळते. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही पाहता येतो, हे प्रत्येकीच्या मोबाइलवर उघडून दाखविण्यात आले. त्यावेळी निघालेल्या एका विषयाने मात्र सगळे गंभीर झाले. या निधीतून पैसे अदा करताना सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल सही लागते. ‘तुमची डीएससी, म्हणजे ही डिजिटल सही, कुठे असते?’ असे प्रशिक्षकांनी विचारल्यावर बहुतेक सरपंचांनी ती संगणक ऑपरेटरकडे किंवा भाऊसाहेबांच्या, म्हणजे ग्रामसेवकांच्या, कपाटात असते, असे सांगितले. कोऱ्या धनादेशावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती ठेवण्यासारखेच हे आहे, एवढे एकच वाक्य बोलून प्रशिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळले.

ग्रामसभेचे सत्र मला याहूनही मोलाचे वाटले. कायद्याची माहिती आधी थोडक्यात देण्यात आली : वर्षातून किमान चार ग्रामसभा, गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती, प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना गणपूर्तीची अट नसणे. या शेवटच्या तरतुदीचा गावोगावी कसा वापर होतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पहिली सभा नोटीस कशीबशी लावून तहकूब करावयाची आणि दुसरी ठराविक दहा-पंधरा जणांत उरकावयाची, की वर्षभराचे ठराव मंजूर. नंतर हजेरीची वही घरोघर फिरवून सह्या आणि अंगठे गोळा केले जातात.

माहितीनंतर प्रत्यक्ष सभा भरविण्यात आली. सहभागींपैकी एकीला सरपंच, एकाला ग्रामसेवक करण्यात आले आणि बाकीच्यांना चिठ्ठ्या देऊन भूमिका वाटल्या गेल्या. कोणी पाण्याचा टँकर वेळेवर न येणारी वाडीतली बाई, कोणी गावातला ठेकेदार, कोणी प्रत्येक विषयावर बोलणारे निवृत्त गुरुजी, कोणी सभेच्या मागच्या बाजूला बसून हसणारी तरुण मुले. सरपंच झालेल्या ताईंनी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे’ असे म्हणून ते न वाचताच पुढच्या विषयाला हात घातला, कारण आपल्याकडे तसेच होते. प्रशिक्षकांनी सभा तेथेच थांबविली आणि इतिवृत्त मोठ्याने वाचावयास सांगितले. वाचताना कळले की मागच्या सभेत मंजूर झालेली वाडीची पाण्याची टाकी यावेळच्या विषयपत्रिकेवर पुन्हा नव्याने मंजुरीसाठी आली आहे, आणि पहिल्या ठरावाचे काय झाले याचा कोणालाच पत्ता नाही. केवळ इतिवृत्त वाचण्याने सभेचा रंग कसा बदलतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर बोलणाऱ्याला थांबविणे, न बोलणाऱ्याला बोलते करणे, ठेकेदाराच्या प्रश्नाला उत्तर देताना आवाज न चढविणे, वाद पेटल्यावर विषय पुढच्या सभेकडे न ढकलता त्यासाठी तीन-चार जणांची समिती नेमणे, अशा गोष्टींचा सराव झाला. सभा दोनदा पुन्हा घेण्यात आली, दर वेळी सरपंच बदलून. तिसऱ्या वेळी सरपंच झालेले शिरूरकडचे एक आजोबा वाडीतल्या बाईला ‘तुम्ही उभ्या राहून बोला, ताई, सगळ्यांना ऐकू द्या,’ असे म्हणाले, तेव्हा या सरावाचा उपयोग होतो आहे याची खात्री पटली.

गट ग्रामपंचायतीच्या दृष्टीने या सत्रात एक अत्यंत उपयुक्त सूचना मिळाली. मुख्य गाव आणि त्याला जोडलेल्या वाड्या-वस्त्या असतील तर ग्रामसभा नेहमी मुख्य गावातल्या चावडीत किंवा मंदिराच्या सभामंडपात भरते, आणि डोंगरावरच्या वस्तीतील माणसांना रोजगार बुडवून खाली यावे लागते. त्यामुळे वॉर्डसभा त्या त्या वस्तीवर, तिथल्या माणसांच्या सोयीच्या वेळी घ्यावी आणि तिचे ठराव लेखी स्वरूपात ग्रामसभेपुढे मांडावेत, असे सुचविण्यात आले. आमच्या भागात भातलावणीच्या दिवसांत दुपारची सभा म्हणजे सभा न घेण्यासारखेच आहे. हे प्रशिक्षकांना सांगावे लागले नाही, त्यांना ते आधीपासून ठाऊक होते, आणि याचेच मला अधिक समाधान वाटले. दारूबंदीसाठी होणाऱ्या मतदानाचा विषयही महिलांनीच काढला. उभी बाटली (दारू दुकान चालू राहावे) आणि आडवी बाटली (ते बंद व्हावे) या चिन्हांवर होणारे हे गुप्त मतदान कसे मागावे, मागणीच्या सह्यांची पडताळणी कशी होते आणि निम्म्याहून अधिक मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने उभे करणे किती कष्टाचे असते, यावर जेवणाची घंटा होऊन गेल्यावरही चर्चा सुरूच होती.

यानंतरच्या दिवशीचे आदर्श गावांवरचे सत्र मात्र निराशाजनक होते. एकामागून एक चित्रफिती दाखविण्यात आल्या आणि प्रत्येकीत एक कर्तबगार पुरुष गावाचा कायापालट करतो अशीच मांडणी होती. हिवरे बाजारचे उदाहरण घेतल्याशिवाय महाराष्ट्रात असा वर्ग पुरा होत नाही, आणि तसे ते घेतलेच पाहिजे. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, त्यांनी दीर्घकाळ नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे सर्व आदरानेच सांगावे. पण शिकण्याजोगा भाग त्यापुढे आहे. तेथे पाऊस संपल्यावर ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते, पडलेल्या पावसाच्या आणि साठलेल्या पाण्याच्या हिशेबाने यंदा कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते, शेतीसाठी कूपनलिकांना आणि उसासारख्या पिकांना बंदी आहे, आणि हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले आहेत. ज्याच्या शेताला पाणी कमी पडणार आहे अशा माणसाने भर सभेत हा नियम मान्य करावा, यासाठी काय करावे लागले असेल, पहिल्या वर्षी कोण रागावले असेल, त्याची समजूत कोणी व कशी काढली असेल, हे चित्रफितीत कोठेच नव्हते. आम्हाला नेमके तेच हवे होते.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाचा उल्लेख तर एका वाक्यात आटोपला, याचे मला वाईट वाटले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वांना पाठ असते. पण त्या गावात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले जातात आणि त्यासाठी ग्रामसभेखेरीज अभ्यासगट चालतो, ज्यात निर्णय न घेता केवळ विषय समजून घेतला जातो, हे फार थोड्यांना माहीत आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा-लेखाची गणना होते, आणि त्यामागे कित्येक वर्षांचा हा अभ्यास होता. देवाजी तोफा यांचे नेतृत्व थोरच आहे, परंतु ते अशा शिकणाऱ्या गावातून उभे राहिले, हे सांगितले गेले असते तर लहान गावांतून आलेल्या आम्हा सर्वांना आपल्या आवाक्यातली वाट दिसली असती.

या उणिवेची बरीच भरपाई क्षेत्रभेटीने केली. चौथ्या दिवशी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे नेण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात पुण्यातील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे या भागात आले, देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन त्यांनी कराराने घेतली आणि उतारावर बांधबंदिस्ती करून, पायथ्याशी पाझर तलाव व विहीर करून तेथे पाणी आणि पीक दोन्ही उभे केले. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातूनच पाणी पंचायतीचे काम पसरले. उतारावरचे समतल बांध अजूनही स्पष्ट दिसतात. खाली विहिरीजवळ उभे राहून वर पाहिले की पाणी कोठे अडते आणि कोठे मुरते हे नकाशा न पाहताही समजते.

पण या ठिकाणी खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पाणी पंचायतीचे नियम. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यावयाचे : माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ऊस घ्यावयाचा नाही. योजनेच्या खर्चातील २० टक्के वाटा लाभार्थ्यांनी स्वतः उचलावयाचा आणि पाणी वाटण्यासाठी पाटकरी नेमून कारभारही त्यांनीच पाहावयाचा. तेथील एका वयस्क शेतकऱ्यांना आमच्यापैकी एकाने विचारले, ‘मोठ्या खातेदारांनी हे कसं काय मान्य केलं, बाबा?’ त्यांनी सांगितले की सगळ्यांनी मान्य केले नाही. ज्यांनी केले त्यांच्यापासून सुरुवात झाली, आणि पाळीचा दिवस कधीही चुकला नाही म्हणून बाकीचे हळूहळू आले. पाळीचा दिवस न चुकणे, हिशेब सर्वांसमोर वाचून दाखविणे, स्वतःच्या भावालाही नियम लावणे, या गोष्टी कोणत्याही गावात, कोणत्याही विषयात करता येण्याजोग्या आहेत. दुर्दैवाने बस उशिरा निघाल्यामुळे हा संवाद ऐन रंगात आला असतानाच आवरता घ्यावा लागला. संस्थेने चित्रफितींचे सत्र पूर्णपणे रद्द करून तो वेळ नायगावला द्यावा.

शेवटच्या दिवशीचे व्यक्तिमत्त्व विकासाचे व्याख्यान वगळले तरी चालेल. आत्मविश्वासाने कसे बोलावे, हस्तांदोलन कसे करावे, मंचावर कसे उभे राहावे, हे सांगणारे वक्ते चांगले होते, पण आदल्या तीन दिवसांत सभा घेऊन आणि आकडे मांडून जो आत्मविश्वास आला होता त्यापुढे त्यांचे बोलणे फार फिके पडले.

आता मुख्य आक्षेप. संस्था प्रत्येक ग्रामपंचायतीतून सरपंच किंवा त्यांच्याऐवजी एक सदस्य एवढ्यांनाच घेते. आमच्या सरपंचताईंना घरच्या अडचणीमुळे येता आले नाही, म्हणून माझी निवड झाली. परत आल्यावर मासिक सभेत मी नमुना ८ आणि नमुना ९ यांची पडताळणी करण्याचा विषय मांडला, तेव्हा बाकीच्या सदस्यांना तो विषय नवा, किचकट आणि कोणावर तरी संशय घेणारा वाटला. त्यांचे काहीच चुकले नाही. ज्या कागदांवर मी पूर्ण दिवस घालविला होता ते त्यांनी कधी हातातही घेतलेले नव्हते, आणि पाच दिवसांचे शिक्षण एका सभेत दहा मिनिटांत सांगता येत नाही. भाऊसाहेबांनाही वाटले की पुण्याहून कोणीतरी आम्हाला त्यांच्याविरुद्ध तयार करून पाठविले आहे. ते स्वतः त्या वर्गाला असते तर हाच विषय त्यांनी स्वतःहून विषयपत्रिकेवर घेतला असता, असे त्यांच्या कामाची पद्धत पाहता मला वाटते. एकट्या माणसाला शिकवून गावात परत पाठविले की तो गावात एकटाच पडतो, आणि आरक्षणाच्या सोडतीत त्याची जागा गेली की त्याच्याबरोबर ते शिक्षणही घरी जाऊन बसते.

याला पर्याय नाही असे नाही. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावागावांतील जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली तेव्हा प्रत्येक गावातून पाच जणांना प्रशिक्षणासाठी बोलाविले. पुढे स्पर्धेचा पसारा वाढला तरी गावाचा गट घडविण्याचे तत्त्व त्यांनी सोडले नाही. प्रशिक्षणात एकत्र राहिलेली पाच माणसे गावात परतल्यावर एकमेकांना आधार देतात, एकाने टाळाटाळ केली तर दुसरा आठवण करून देतो, आणि त्यांच्यात वेगवेगळ्या आळीची व भावकीची माणसे असली तर गावही लवकर ऐकते. ग्रामपंचायतीच्या वर्गासाठीही सरपंच, एक सदस्य, ग्रामसेवक आणि बचत गटाच्या ग्रामसंघातील एक कार्यकर्ती, असा चौघांचा गट बोलावणे अवघड नाही. बचत गटातील महिलांचा मी विशेष आग्रह धरते. मासिक बचत, अंतर्गत कर्ज, हप्त्यांची नोंद आणि वेळेवर बैठक हे सारे त्या गेली अनेक वर्षे करीत आहेत, हिशेबाची त्यांना भीती वाटत नाही, आणि उद्याच्या सदस्य व सरपंच त्यांच्यातूनच येणार आहेत. त्यांना निवडणुकीनंतर शिकविण्यापेक्षा आधीच शिकविले, तर ती दोन वर्षे वाचतील. चौघांना घेतले की एका वेळी कमी गावे येतील हे खरे, आणि देणगीदारांच्या अहवालात गावांची संख्या घटलेली दिसेल हेही खरे. पण मागे पडलेल्या एखाद्या छोट्या गावात काही उभे राहावे असे मनापासून वाटत असेल, तर ती घट संस्थेने आनंदाने स्वीकारली पाहिजे.

दुसरी उणीव पाठपुराव्याची. वर्ग संपल्यावर सर्वांचा व्हॉट्सॲप गट करण्यात आला, त्यावर प्रशिक्षक सुरुवातीला शंकांची उत्तरे देत होते, नंतर तेथे केवळ शुभेच्छा आणि सत्काराची छायाचित्रे येऊ लागली. त्यातही काही ताईंनी आपापसांत दुसरा छोटा गट केला असून त्यावर फक्त ठराव, नमुने आणि परिपत्रकांचे फोटो टाकावयाचे असा नियम ठेवला आहे. माझ्या गावात आतापर्यंत जे दोन बदल होऊ शकले त्यांत या छोट्या गटाचा मोठा वाटा आहे. महिला सभा ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी वाडीवर भरू लागली, आणि महिला व बालकल्याणाच्या निधीतून काय घ्यावयाचे याचा ठराव त्या सभेने स्वतः लिहिला. त्या ठरावाचा मसुदा तपासून दिला तो मावळातल्या त्याच ताईंनी, ज्यांनी गोदाम शोधून काढले होते. संस्थेने वर्षातून दोनदा तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या दिवसाची बैठक घेतली आणि प्रत्येकीला आपल्या पंचायतीचा नमुना १ सोबत आणावयास सांगितले, तर खर्च फारसा वाढणार नाही आणि वर्गाचा उपयोग अनेक पटींनी वाढेल.

ज्या गावात नुकतीच निवडणूक झाली आहे आणि पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य अधिक आहेत, त्या गावाने हा वर्ग अवश्य करावा, आणि तो पहिल्या सहा महिन्यांतच करावा. २ ऑक्टोबरपासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याच्या तयारीला सुरुवात होते, त्यामुळे पावसाळ्यातील तुकडी मिळाली तर शिकलेले लगेच वापरता येते. ज्यांना कायद्याची ओळख आहे आणि केवळ प्रमाणपत्र हवे आहे त्यांनी जागा अडवू नये. जाताना आपल्या पंचायतीच्या मागील दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाची आणि शेवटच्या चार ग्रामसभांच्या इतिवृत्ताची प्रत सोबत ठेवावी. संस्था ते सांगत नाही, पण काल्पनिक गावाचे कागद वाचून झाल्यावर रात्री खोलीवर आपल्या गावाचे कागद वाचता येतात, आणि प्रशिक्षक तेथेच मुक्कामाला असल्याने शंका विचारता येतात. नोंदणीच्या अर्जात ‘सोबत येणारी व्यक्ती’ असा एक रकाना आहे, तो पतीच्या किंवा मुलाच्या नावासाठी वापरला जातो. त्या रकान्यात आपल्या ग्रामसेवकाचे किंवा बचत गटातील ताईंचे नाव लिहून त्यांना सभागृहात बसू देण्याची लेखी विनंती करावी. माझ्यानंतरच्या तुकडीत आमच्या शेजारच्या गावाने अशी विनंती केली आणि ती मान्य झाली आहे.